मांगरातले विमान आणि तीन कोनांचे इंजिन

वाचकहो, या सदराकडे येणारी पत्रे बहुधा पंपाची असतात. फूटव्हॉल्व्ह पाणी सोडतो, पॉवर टिलर चढाला धापा टाकतो, फवारणीच्या पंपाचा दाब भरत नाही, अशा तक्रारी. या वेळी लांजा तालुक्यातून एका माउलीचे पत्र आले आणि मी ते चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचले. नाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे. आपण त्यांना वहिनी म्हणू.

वहिनी लिहितात, "माझा मोठा मुलगा आयटीआय झाला. रत्नागिरीला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत लेथवर कामाला आहे. गेलं वर्षभर त्यानं मांगरात विमान बांधायचं डोक्यात घेतलं आहे. धावपट्टीवरून तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर उठलं की काम सोडून बघत राहतो. पंखांचे सांगाडे करून झाले. आता म्हणतो, रोटरी इंजिन बांधायचं, त्यात हलणारे भाग तीनच असतात, त्यात काय कठीण आहे? ह्यांनीही त्याची बाजू घेतली आहे. विहिरीचा नवा पंप आणि कलमांचं खत यासाठी ठेवलेले आंब्याचे पैसे त्याला द्यायला निघाले आहेत. ह्यांना तुमचा शब्द पटतो. मुलाला हसू नका, पण खरं काय ते लिहा."

वहिनी, हसण्याचा प्रश्नच येत नाही. पहिले खरे विमान उडवणारे राईट बंधू सायकलींचे दुकान चालवत होते. त्यांना हव्या त्या वजनाचे इंजिन मिळेना, तेव्हा त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या कारागिराने लेथ, ड्रिल आणि हातची अवजारे घेऊन सुमारे सहा आठवड्यांत इंजिन बांधले. १२ अश्वशक्तीचे. त्याच इंजिनावर १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान उडाले आणि त्या दिवशीचे सर्वांत लांबचे उड्डाण ५९ सेकंदांचे झाले. तेव्हा लेथवरच्या पोराने इंजिनाचा विचार करावा यात वावगे काही नाही. उलट त्याने पंखांच्या पाठोपाठ इंजिनाचा प्रश्न विचारला याचेच मला बरे वाटले. आपल्याकडे विमानाची गोष्ट निघाली की कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेतो आणि १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवले असे छातीठोक सांगतो. पण इंजिन कोणते, त्याचे वजन किती, ताकद किती, याचा भरवशाचा कागद कोणी दाखवत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा दाखला देतात, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली तपासला आणि त्यात वर्णन केलेली विमाने उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. असो. तुमच्या मुलाचे पाऊल त्यापेक्षा पुढे आहे.

आता इंजिनाकडे वळू. रोटरी हे नाव दोन अगदी वेगळ्या इंजिनांना लावतात, आणि पोरांचा तिथेच घोटाळा होतो.

पहिले जुने. १९०८-०९ च्या सुमारास फ्रान्समध्ये सेगँ नावाच्या भावांनी 'नोम' हे इंजिन काढले. त्यात शाफ्ट विमानाला पक्का आवळलेला आणि सगळी सिलिंडरेच पंख्यासकट गरगर फिरायची. फिरता फिरता स्वतःच्याच वाऱ्याने गार व्हायची, त्यामुळे पाणी नको, रेडिएटर नको, वजन कमी. पहिल्या महायुद्धातली कितीतरी विमाने असल्या इंजिनांवर उडाली. त्यांना वंगण लागे ते एरंडेलाचे! पेट्रोलात सहज मिसळत नाही म्हणून एरंडेल वापरीत आणि ते जळून, उडून, धुराबरोबर वैमानिकाच्या तोंडानाकात जाई. त्याचा पोटावर काय परिणाम होई ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना सांगायला नको. शिवाय एवढे जड चक्र पुढे फिरत असल्याने वळताना विमान एका अंगाला ओढे. युद्ध संपले तसे ते इंजिनही मागे पडले.

तुमचा मुलगा म्हणतो आहे ते दुसरे, फेलिक्स वँकेल या जर्मन गृहस्थाच्या नावाचे. हा माणूस १९०२ साली जन्मला, त्याने इंजिनिअरिंगची पदवी घेतली नव्हती आणि गाडी चालवायचा परवानाही त्याच्याकडे कधी नव्हता. एनएसयू नावाच्या जर्मन कंपनीत १९५७ साली त्याचे पहिले इंजिन चालले. पुढे त्याच कंपनीतल्या हान्स डीटर पाश्के यांनी ते सोपे करून बांधता येईल असे केले, आणि आज वँकेल म्हणून जे ओळखले जाते ते त्या सोप्या घाटाचे.

त्याचे काम कसे चालते ते सांगतो. आपल्या डिझेल पंपात पिस्टन खालीवर होतो आणि क्रँक त्या खालीवरचे गरगर करतो. वँकेलमध्ये खालीवर काहीच नाही. कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल पेटीत तीन कोनांचा, फुगीर बाजूंचा एक ठोकळा फिरतो. समोसा दोन्हीकडून चापट केला तर दिसेल तसा. त्याची तीन टोके पेटीच्या भिंतीला सतत घासून असतात, म्हणून तीन कप्पे होतात. ठोकळा फिरेल तसा प्रत्येक कप्पा लहानमोठा होतो. एका बाजूला हवा-पेट्रोल आत, पुढे दाब, मग ठिणगी आणि भडका, शेवटी धूर बाहेर. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, कनेक्टिंग रॉड नाही.

ठोकळा नेमका कसा फिरतो हे चित्रावरूनही लवकर डोक्यात शिरत नाही, म्हणून वहिनी, हा खेळ तुम्हीच मुलापुढे करून दाखवा. एक बांगडी घ्या आणि तिच्या आतल्या व्यासाच्या दोन तृतीयांश जाडीची गोल बाटली. बांगडी आतून ६ सेंटिमीटर असेल तर ४ सेंटिमीटरची औषधाची बाटली चालेल. बाटली उभी धरून ठेवा, बांगडी तिच्यावर आडवी अडकवा, बांगडीवर कुंकवाचा ठिपका द्या. आता बांगडी आतल्या बाजूने बाटलीला टेकवून, घसरू न देता, बाटलीभोवती लोळवत न्या. बाटलीभोवती एक वळसा पुरा झाला की ठिपका पाहा. बांगडी स्वतः फक्त एक तृतीयांश फिरलेली असेल. तीन वळशांनी तिचा एक फेरा पुरा होतो. इंजिनात ठोकळ्याच्या पोटात दातेरी चक्र असते ती बांगडी, आणि पेटीला पक्के बसवलेले लहान दातेरी चाक ती बाटली. ठोकळा एकदा फिरतो तोवर मधला शाफ्ट तीनदा फिरतो, आणि तीन कप्प्यांत मिळून तीन भडके होतात. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक भडका. आपल्या चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरला एका भडक्यासाठी दोन फेरे लागतात. म्हणून लहानशा पेटीतून एवढी ताकद निघते.

दोन ठोकळे आणि एक शाफ्ट, एवढेच मुख्य हलणारे भाग. मुलगा तीन म्हणतो ते बरोबर आहे.

आता पुढचे, ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिले.

पिस्टनला रिंगा असतात तशा या ठोकळ्याच्या तिन्ही टोकांना पट्ट्या असतात. पातळ, बोटभर, खोबणीत बसवलेल्या, मागून स्प्रिंगने दाबलेल्या. पेटीच्या भिंतीवर त्या दर मिनिटाला हजारो वेळा घासत जातात, आणि भिंत सरळ नसल्याने टेकण्याचा कोन सारखा बदलत राहतो. सगळे इंजिन त्या पट्ट्यांच्या जिवावर. जपानच्या माझदा कंपनीने १९६० च्या दशकात हे इंजिन हाती घेतले तेव्हा पेटीच्या आत थरथरीचे ओरखडे उठत आणि इंजिन निकामी होई. तिथले इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांनी वर्षानुवर्षे झटून पट्टीचा धातू बदलला, घडण बदलली आणि १९६७ साली कॉस्मो ही मोटार विकायला आणली. त्याच वर्षी एनएसयूने आपली आरओ-८० मोटार काढली. त्यांच्या पट्ट्या टिकेनात, गिऱ्हाइकांना इंजिने बदलून देता देता कंपनी डबघाईला आली आणि १९६९ साली ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. एक अख्खी कारखानदारी त्या बोटभर पट्टीने खाल्ली म्हटले तरी चालेल.

माझदा हे नाव आपल्या रस्त्यांवरही होते. स्वराज माझदा टेम्पो आठवतात ना? त्यात मात्र साधेच डिझेल इंजिन असे. अमेरिकेत जे हौशी लोक घरी विमान बांधून त्यात रोटरी बसवतात, ते बहुतेक माझदाच्या आरएक्स-७ या मोटारीतले जुने इंजिन घेतात. १३बी असा त्याचा क्रमांक. दोन ठोकळे, मिळून १३०८ घनसेंटिमीटर. ती मोटार १९७८ ते २००२ पर्यंत निघाली, म्हणून तिथल्या भंगारात तिची इंजिने मिळत. म्हणजे हे हौशी लोक इंजिन मुळापासून बांधत नाहीत. ते उघडतात, पेट्या तपासतात, पट्ट्या आणि रबरी कड्या नव्या घालतात आणि विमानाजोगे करतात. तिकडे घरी बांधलेल्या विमानांची वेगळी सरकारी वर्गवारी आहे, त्यांची १९५३ साली स्थापन झालेली संघटना आहे, विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश येथे दरवर्षी मोठा मेळावा भरतो आणि अडलेल्याला सांगणारे चार जण भेटतात. आपल्याकडे ती मोटार कधी रीतसर विकलीच गेली नाही. मुंबईच्या कुर्ल्याच्या भंगारबाजारात हिंडूनही १३बी हाती लागेल असे मला वाटत नाही. लागलेच तर परदेशातून, जकात भरून, आणि आतून कसे निघेल याची खात्री नाही.

समजा, मिळाले. मग काम सुरू होते ते इंजिनाच्या भोवतीचे, आणि तेच खरे मोठे.

पहिला गिअर. हे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास आपली ताकद देते. विमानाचा पंखा त्या वेगाने फिरवून चालत नाही. हिशेब करून पाहा. सहा फुटी पंखा मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरवला तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे ५७५ मीटर जाईल. आवाजाचा वेग ३४० च्या आसपास. टोक आवाजाच्या पुढे गेले की पंखा नुसता किंचाळतो, ओढत नाही. २७०० फेऱ्यांना तेच टोक २६० च्या आत राहते. म्हणून मधे वेग उतरवणारी गिअरपेटी लागते. मुलाला म्हणावे, एका रविवारी मिरकरवाडा बंदरावर जा आणि ट्रॉलरचा गिअर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीजवळ बस. तिथेही इंजिन वेगात आणि पाण्यातला पंखा सावकाश, हाच प्रकार. गिअरच्या दातांचे कोण खाते, कपलिंगचे रबर का फाटते, शाफ्ट पिळवटून कसा थरथरतो, हे तो मिस्त्री दहा मिनिटांत दाखवील. हौशी विमानवाल्यांची इंजिनापेक्षा गिअरवर जास्त वर्षे गेली आहेत.

दुसरे, गारवा. साध्या इंजिनात ज्या सिलिंडरात भडका होतो त्यातच पुढच्या खेपेला गार हवा येते. रोटरीत तसे नाही. पेटीची एक बाजू कायम भडक्याची, दुसरी कायम गार हवेची. एकच भांडे, अर्धे चुलीवर आणि अर्धे पाण्यात, असे समजा. जरा पाणी कमी पडले की पेटी वाकते, आतल्या रबरी कड्या सुटतात आणि पाणी भडक्यात येते. पाण्याच्या रेडिएटरखेरीज तेलालाही मोठा रेडिएटर लागतो, कारण उष्णतेचा बराच वाटा तेल वाहून नेते. हे सगळे विमानाच्या नाकात, वाऱ्याच्या वाटेत बसले पाहिजे. इंजिन हलके म्हणून घेतले आणि रेडिएटर, पाणी, गिअर मिळून ते वजन परत आले, असे बरेचदा होते.

तिसरा धूर. तो इतका तापलेला निघतो की साधे सायलेन्सर आतून जळून तुकडे होतात. आणि तेल? ग्रासकटरच्या पेट्रोलात आपण ऑइल मिसळतो तसे इथेही पट्ट्यांसाठी थोडे तेल जाळावेच लागते. बेणणीच्या दिवसांत घाईत ऑइल घालायचे राहून गेले की ग्रासकटरचे काय होते ते तुमच्या घरी ठाऊक असेलच. पेट्रोलही हे इंजिन तेवढ्याच ताकदीच्या पिस्टनवाल्यापेक्षा अंमळ जास्त पिते.

एवढे असूनही लोक त्याच्या मागे का लागतात? कारण त्यात एक मोठा गुण आहे. पिस्टनवाल्यात व्हॉल्व्ह तुटला किंवा रॉड मोडला तर इंजिन तिथल्या तिथे फुटते. रोटरीची पट्टी गेली तरी ते बहुधा कुरकुरत, निम्म्या ताकदीने, काही वेळ फिरत राहते. प्रत्येक ठोकळ्याला दोन स्पार्क प्लग असतात, एक गेला तर दुसरा आहे. थरथरही कमी. खाली उतरायला दहा मिनिटे मिळणे ही वैमानिकाच्या दृष्टीने लाखमोलाची गोष्ट आहे. मी एकदा जयगडच्या बाहेर लाँचमध्ये असताना इंजिन बंद पडले. तांडेलाने शांतपणे नांगर टाकला, बिडी पेटवली आणि डिझेलचा फिल्टर उघडला. पाऊण तासाने आम्ही पुन्हा चालू लागलो. वर आकाशात नांगर टाकायची सोय नाही. लहान विमान हजार मीटरवरून इंजिनावाचून आठ-नऊ किलोमीटर तरंगत येऊ शकते हे खरे, पण तेवढ्यात आपल्या मुलखात सपाट जागा सापडायला हवी. कातळाचे सडे सोडले तर आपल्याकडे डोंगर, खाडी, आणि उरलेल्या जागेत कलमे.

भारतात हे इंजिन कोणी बांधलेच नाही असे समजू नका. बांधले, आणि त्यात महाराष्ट्राचाही हात आहे. संरक्षण खात्याचे 'निशांत' नावाचे मनुष्यरहित विमान होते. त्यात आधी परदेशी वँकेल इंजिन बसवत. ते इथेच करायचे ठरले तेव्हा बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिक प्रयोगशाळेने इंजिनाचा गाभा केला. अॅल्युमिनियमचे खास ओतीव भाग आणि पेटीच्या आत निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप, सगळे त्यांचे. ठिणगीची आणि पेट्रोल पुरवण्याची यंत्रणा केली आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन संस्थेने. बंगळूरचीच तिसरी संस्था उड्डाणाच्या चाचणीला होती. २९ मार्च २००९ रोजी, रविवारी, कर्नाटकात कोलार येथे ते इंजिन घेऊन निशांत उडाले आणि अर्ध्या तासाच्या वर हवेत राहून सुखरूप उतरले.

त्या इंजिनाची ताकद ५५ अश्वशक्ती, म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरएवढी. वजन सुमारे ३० किलो. सिमेंटच्या पोत्याहून कमी! पण त्यामागे तीन सरकारी संस्था, धातुशास्त्राचे जाणकार आणि जमिनीवरच्या तासन् तासांच्या चाचण्या होत्या. आणि एवढे करूनही त्या विमानात माणूस बसलेला नव्हता. ते रुळावरून फेकून उडवत आणि छत्रीने उतरवत. पुढे निशांतचे अपघात झाले आणि २०१५ साली सैन्याने त्याचा नाद सोडला. अपघात इंजिनापायी झाले असे मी म्हणत नाही. इंजिन बरे निघाले तरी विमानाचे बरे होईलच असे नसते, एवढ्यापुरता तो दाखला.

घरी विमान बांधणारा मराठी माणूसही आहे. कॅप्टन अमोल यादव. स्वतः वैमानिक. त्यांनी मुंबईत कांदिवलीला, चारकोपमधल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान जोडले. त्याआधी दोन प्रयत्न झाले होते, पहिला १९९८ च्या सुमाराचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. नोंदणीचे कागद मिळाले नोव्हेंबर २०१७ मध्ये, उडवून पाहायची परवानगी २०१९ मध्ये, आणि धुळ्याच्या धावपट्टीवर ते उडाले २०२० साली. पहिल्या प्रयत्नापासून वीस वर्षांच्या वर. आणि हा गृहस्थ मोठी प्रवासी विमाने चालवणारा! माणूस घेऊन उडणाऱ्या कोणत्याही यंत्राला दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी आणि परवानगी लागते. धावपट्टीच्या आसपास साधा ड्रोनसुद्धा विचारल्यावाचून उडवता येत नाही, हे मिरजोळ्याला काम करणाऱ्या मुलाला माहीत असेल.

आता भाऊ, तुमच्याशी दोन शब्द. वहिनींनी चोरून पत्र लिहिले म्हणून रागावू नका. तुम्हाला पोराचा अभिमान वाटतो आणि तो वाटावा. पण विहिरीचा पंप आणि खत यांचे पैसे त्या मांगरात घालू नका. पंप या उन्हाळ्यात लागणार आहे आणि विमान पुढची दहा वर्षे त्या पैशांची वाट पाहू शकते. खत चुकले तर पुढच्या मोहोराला त्याचा हिशेब द्यावा लागेल, आणि मग मुलाच्या हातात द्यायला काहीच उरणार नाही. मांगराचा एक कोपरा द्या, वीज द्या, आणि दर महिन्याला त्याच्या पगारातून तो जेवढे घालील तेवढेच तुम्ही घाला. एक पैसाही जास्त नको.

आणि बाबा रे, तू. तुझ्या आईला तू वेडा वाटतोस, मला वाटत नाहीस. पण रोटरीपासून सुरुवात करू नकोस. त्या पेटीचा आतला आकार साध्या लेथवर निघत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळते. सीएनसी यंत्रावर आकार निघेल, पण वरचा लेप आणि पट्ट्यांचा धातू कुठून आणशील? आधी पेटी आणि ठोकळा लाकडात कर. सागाचा तुकडा आणि आईची बांगडी पुरे. तीन वळशांना एक फेरा येतो का, टोके भिंतीला सारखी टेकतात का, ते पाहा. ते साधले की मोटरसायकलीचे जुने इंजिन घे आणि त्यावर लहान लाकडी पंखा चढव. विमानावर नव्हे, चौकटीवर. चौकट काँक्रीटमध्ये बोल्टांनी आवळलेली असावी. चिऱ्यात खिळे ठोकून भागवू नकोस. मांगराच्या आत ते कधी चालवायचे नाही. गवत आहे, गुरे आहेत, आणि बंद जागेतला धूर वास न देता माणूस मारतो. बाहेर खळ्यात ठेव, भोवती जाळी कर, आणि पंखा ज्या रेषेत फिरतो त्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. पंखा तुटला तर तुकडा त्याच रेषेत जातो. लहान भावंडांना खळ्याबाहेर काढल्याशिवाय किक मारू नकोस.

ते इंजिन न थांबता सलग एक तास चालव. मग पाच तास. वहीत लिहून ठेव, पाणी किती तापले, तेल किती, फेरे किती, आवाज कुठे बदलला. जमिनीवर पन्नास तास भरले, एकदाही बंद पडले नाही, असे वहीत दिसले तर पुढचे बोलू. रोटरीच हवी असेल तर विमानाच्या नमुन्यांसाठी जपानी ओ.एस. आणि जर्मन ग्राउपनर यांनी १९७० च्या सुमारास ५ घनसेंटिमीटरचे इवलेसे वँकेल काढले होते. कुठे मिळाले तर उघडून पाहा, त्यात सगळे आहे. मुठीत मावते आणि कोणाचा जीव घेत नाही.

वहिनी, वही तुम्ही तपासा. त्याला अक्षर चांगले काढायला सांगा, कारण पन्नासावा तास भरला की ती मला पाहायची आहे. लांज्याला यायला मला एसटी सोयीची आहे. मात्र पंख्याच्या रेषेत माझी खुर्ची मांडू नका.

पुढच्या आठवड्यात फवारणीच्या पंपाचा दाब का भरत नाही ते पाहू. त्याची सात पत्रे साठली आहेत.